सुकदेवमामा खांबावर असताना तुमचे पंखे फिरले

सुकदेवमामाचा घात झाला तो वादळानंतरच्या मंगळवारी, दुपारी पावणेतीनला, भेस्तानमध्ये, विजेच्या खांबावर. दीड महिना झाला. कंपनीच्या अहवालाच्या मसुद्यात लिहिलंय, ‘कर्मचाऱ्याने लाईन बंद न करता काम सुरू केले.’ कोणी? मामाने...

लाईन बंद केल्याचं लेखी परमिट आलं की मामा ते तुकडीला मोठ्यानं वाचून दाखवायचा, मगच चढायचा. आम्ही हसायचो. “कागद हातमा उना का मंगच चढस,” तो म्हणायचा, आणि मी वाटत फिरते त्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे बघून, “तुन्हा कागद वाचीसन कोणी खाले बी उतरत नही.”

वादळ आलं आणि कंपनीनं ‘आपत्ती व्यवस्थापन’ सुरू केलं. म्हणजे ऑफिसात फळा लावला. कुठल्या तुकडीनं किती मिनिटांत वीज आणली ते त्यावर, सगळ्यात मागे राहिलेली तुकडी लाल खडूनं. लेखी परमिट बंद, सगळं फोनवर तोंडी. माणसं फळ्याकडे बघून धावायला लागली, कामं भराभर उरकली, वरच्यांकडून ऑफिसातल्या साहेबांचं कौतुक झालं. मामाची तुकडी दोन दिवस लाल. तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. दर दिवाळीला मामीच्या हातचं जेवणारे हेच साहेब. मामाचे जोडीदार भगवानकाका शेजारीच होते, फोन स्पीकरवर होता. “सुकदेवभाई, लाईन बंद छे. कागद बाद में देता हूं. मेरे पे भरोसा नहीं?”

भरोसा होता. मामा चढला. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरवणारी अर्थिंगची साखळी घाईत तारांना लावली नाही. ती चूक त्याची, मी झाकणार नाही. पण लाईन चालू केली ती खांबावरून नाही, ऑफिसातून.

इस्पितळात भगवानकाकांनीच मामीला हे सांगितलं. चौकशीत म्हणाले, साहेब फोनवर काय बोलले ते नीट ऐकू आलं नाही. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा मान खाली घालून बोलले, “बेटा, मला अजून नोकरी करायचीय.” साहेब दहाव्याला आले, हात जोडले, चहा घेतला. अहवालावर पहिली सही त्यांची आहे.

भेस्तानकरांनो, त्या दिवशी सकाळपासून तुमच्याकडे वीज नव्हती. म्हणजे लाईन बंद होती. पावणेतीनला तुमचे पंखे फिरले आणि लगेच थांबले. तेवढ्यात माझा मामा गेला. अहवाल अजून पक्का झालेला नाही, पुढच्या सोमवारी कंपनीच्या ऑफिसात शेवटची सुनावणी आहे. वीज कधी गेली, कधी आली, एवढंच स्वतःच्या नावानं लिहा आणि सोमवारी तिथे येऊन द्या.