वन्संचं आमेन

अख्ख्या भिंगारमध्ये जन्मात कधी गरम घास न खाल्लेली एकच बाई असेल, ती म्हणजे माझ्या मोठ्या वन्सं. आता आम्ही ख्रिस्ती माणसं, जेवणाआधी देवाचे उपकार मानतोच, पण दोन वाक्यांत आटपतो हो! वन्संचं तसं नाही. त्या डोळे मिटून सुरू झाल्या की गहू पेरणाऱ्यापासून धरतात आणि गिरणीवाला, गॅसवाला, दुधाची म्हैस, छावणीतले जवान असं करत करत ताटापर्यंत येतात. तोवर आमटीवर साय धरते. पाणीपुरीच्या गाडीवर तर प्रत्येक पुरीला वेगळी प्रार्थना! गाडीवाला एकदा कळवळून म्हणाला, "मावशी, सगळ्यांची मिळून एकदाच करा ना, पुरी हातात विरघळली." तर ह्या म्हणतात, "देवाचे आभार घाऊक मानायचे नसतात रे बाबा." आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या भेळवाल्यानंही हात जोडले. मी म्हणायचे, "वन्सं, चारचौघांत मनातल्या मनात करावी." त्यावर उत्तर तयार, "भाजीत मीठ कमी पडलं तर तू मनातल्या मनात सांगतेस का गं?"

शेजारच्या सुमनताईंच्या पूजाला बघायला शेवगावचे पाहुणे यायचे होते. आधीची दोन स्थळं मोडलेली, आणि हा मुलगा पूजाला फोटोवरूनच मनापासून आवडलेला. आम्हा दोघींना बोलावणं होतंच, पण सुमनताईंनी वन्संपुढे हात जोडले, "ताई, आज तेवढी मनात करा. पोरीचं जमू द्या." वन्संनी शब्द दिला.

पोहे आले. वन्संनी डोळे मिटले, ओठसुद्धा हलवला नाही. इकडे बोलणी रंगली. मुलाचे वडील पुढे सरकून म्हणाले, "आमाला पोरगी पसंत हाय. तुमचं काय म्हननं हाय?" नेमकी त्याच वेळी वन्संची प्रार्थना संपली. सगळी मनात केली हो, पण शेवटचा शब्द सवयीनं तोफेसारखा सुटला, "आमेन!"

बैठक गार. पाहुण्यांनी हातातली बशी खाली ठेवली. "आमी न्हाई? आमी न्हाई म्हंजी काय वो? पोरात काय खोट हाय का?"

सुमनताई पांढऱ्याफटक पडल्या. दाराआडून पूजाचा हुंदका आला. आणि मी मेली, तोंडात पदर कोंबून हसू दाबत बसलेली! वन्सं मात्र शांतपणे म्हणाल्या, "दादा, 'आमी न्हाई' नव्हे, आमेन. म्हणजे तसंच होवो."

पाहुणे मांडीवर थाप मारून म्हणाले, "मंग असं मराठीत बोला की! आरं, पेढे काढा. आमचं बी आमेन!"

पाठवणीच्या वेळी पूजा वन्संच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला उभी केली, डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाल्या. नवरीच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवायला लागला. आता आटपा म्हणून मी वन्संचा दंड दाबला, तर सुमनताईंनी माझा हात हळूच बाजूला केला.

"राहू द्या हो," त्या पुटपुटल्या. "त्यांचं चाललंय तोवर पोरगी दारात उभी आहे."