तांब्याच्या गंगाळातला समुद्र

विमलाबाईने समुद्र कधी पाहिला नाही. तिचं माहेर सिहोऱ्याचं. तिच्या लेखी पाणी म्हणजे बोडीतलं, गावच्या तळ्यातून धानाच्या बांधीत उतरणारं, गोड. तरी भंडाऱ्यात, भांड्यांच्या दुकानामागच्या खोलीत, ती दर रविवारी समुद्र कालवते. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, दुकानातल्या तराजूवर तोललेलं. मग पाण्यात खारटपणा मोजायची काचेची तरंगती नळी सोडते आणि ती ठरल्या खुणेवर थांबेपर्यंत श्वास रोखून बसते.

हे तिला अंकुशने शिकवलं. तिचा एकुलता एक मुलगा, मालवाहू जहाजावर खलाशी. एका सुट्टीत त्याने काचेची टाकी मांडली आणि नागपूरहून एक मासा आणला. नारिंगी, अंगावर तीन पांढरे पट्टे. जाताना म्हणाला, याच्याकडे पाहत जा, म्हणजे माझी खबर समजेल. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तो जहाजावर सापडला नाही. कंपनीचं पत्र आलं, देह आला नाही. वडील श्यामराव यांनी ते पत्र पेटीत ठेवलं आणि त्या दिवसापासून मुलाचं नाव तोंडातून काढलं नाही.

विमलाबाई मात्र टाकीसमोर बसू लागली. दिवेलागणीला मासा काचेच्या एकाच कोपऱ्यात येऊन थांबे, अंकुश जिथून खाणं टाकायचा तिथं. ती दुसरीकडे बसली तरी तो तिकडेच बघे. तिथं कोणी नसे.

यंदा धान कापणीच्या दिवसांत माशाच्या पंखांवर पांढरे कण दिसले, जणू मीठच चिकटलं. तो दगडाला अंग घासू लागला, कल्ले भरभर हलू लागले. तिने नागपूरच्या मासेवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, मासा वेगळ्या भांड्यात काढा, पाणी तेच घ्या. हा रोग तांब्याच्या औषधाने जातो, पण ते थेंब मोजून द्यायचं असतं. बाटली उद्याच्या एसटीने पाठवतो.

श्यामराव दारात उभे होते. त्यांच्या कानात एकच शब्द राहिला. तीन पिढ्या तांब्यापितळेत गेलेल्या घरातला माणूस.

"तांब्यासाठी नागपूरची वाट पाहाची?" ते म्हणाले. "आपल्या घरी तांब्यातलं पाणी पिऊन मानसं नव्वदीले गेली."

त्यांनी माळ्यावरून आजोबांच्या हातचं तांब्याचं गंगाळ काढलं आणि चिंचेने घासून लख्ख केलं. तीन वर्षांत ते पहिल्यांदाच टाकीजवळ आले होते, म्हणून विमलाबाईने न अडवता टाकीतलंच पाणी गंगाळात भरलं. त्यांनीच मासा जाळीत घेतला, गंगाळात सोडला आणि पाण्यावर वाकून हळूच म्हणाले, "राह्य बेटा अंकुश."

ती भिंतीला टेकली. ते नाव घरात परत आलं होतं.

खाऱ्या पाण्याने गंगाळ खायला घेतलं होतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मासेवाल्याची बाटली जे तांबं थेंबाने देणार होती, ते गंगाळ ओंजळीने देत राहिलं. सकाळी पाण्याला हिरवट झाक होती. मासा एका कुशीवर पडला होता, डोळा उघडा, कोपऱ्याकडे वळलेला. गोल गंगाळाला कोपरा कुठला?

बाटली दुपारी आली. ती अजून तशीच बंद आहे.

श्यामराव गंगाळ रोज घासतात. पाण्याच्या रेघेवर हिरवं कडं उमटलं आहे. ते चिंचेने जातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसतं. गिऱ्हाईक भाव विचारतं, तर ते विकायचं नाही म्हणून सांगतात.

मासा गेल्यानंतरच्या रविवारी विमलाबाई तराजूवर मीठ तोलायला बसली. श्यामराव गंगाळ घासता घासता थांबले.

"काहून वो? आता मासा नाई."

"नाई," ती म्हणाली. तिची नजर तराजूच्या काट्यावरच होती. "पन पोरगं पान्यात हाय. पानी आटू कसं देऊ?"

श्यामराव तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी मिठाची पिशवी धरली. दिवेलागण झाली होती. मासा नसलेल्या टाकीत, अंकुश खाणं टाकायचा त्या कोपऱ्यात, पाणी जरासं हललं. दोघांनीही ते पाहिलं.