मी पाहिलेली खाण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धं माहीत आहे. उरलेलं त्यानं विचारलं नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही मला नीट कळत नाही.

परभणीत मी बारावी कॉमर्सच्या शिकवण्या घेते. त्यातूनच शेअर बाजाराचे व्हिडिओ सुरू केले, आपल्या बोलीत, आपल्याकडच्या बायांसाठी. ‘लय सोपं हाय, भ्यायचं न्हाई,’ म्हणायचे. बायांना वाटायचं, शेजारीणच बोलायलीय. तोवर मी खोटं काही शिकवलं नव्हतं.

मग एका छोट्या खाण कंपनीची माणसं आली. मँगनीजची खाण, शेअर अगदी स्वस्त, नाव फारसं कुणी न ऐकलेलं. त्यांना माझी बोली हवी होती. मोबदला म्हणून कंपनीचेच शेअर्स देणार होते, आणि ते व्हिडिओत सांगायचं नव्हतं. म्हणजे माझं ऐकून लोकांनी घेतले, भाव चढला, तरच माझा फायदा. हे मला उमगलं नसेल? मी कॉमर्स शिकवते हो.

त्यांनी गाडी करून खाण दाखवायला नेलं. दूरच्या जिल्ह्यात, डोंगरात. खड्डा होता — पाणी साचून हिरवा झालेला. रोज ट्रक जातात म्हणे, त्या वाटेवर गुडघाभर गवत. एक पोकलेन उभं होतं, आणि झाडांच्या आड ते परत न्यायला थांबलेला ट्रेलर. चालक आत झोपला होता. मी सगळं पाहिलं. मग पिवळं हेल्मेट घातलं, पोकलेनसमोर उभी राहिले आणि कॅमेऱ्यात म्हणाले, ‘बायांनो, मी सोताच्या डोळ्यानं बगून आले.’

तो व्हिडिओ सुनंदाताईंनी पाहिला. ताडकळसच्या निवृत्त नर्स; त्यांची मुलगी माझ्याकडे शिकून गेलेली. परभणीत त्यांनी एक प्लॉट घेऊन ठेवला होता, म्हातारपणी मुलीजवळ राहायला. निवृत्तीचा पैसा त्यांनी त्या शेअरमध्ये घातला. शिवाय गावातल्या बुद्धविहारात येणाऱ्या बायांनाही सांगितलं — मॅडम जाऊन बघून आल्यात. बायांनी मजुरीतून साठवलेलं शेअर घ्यायला त्यांच्या हाती दिलं.

भाव चढला. खरंच चढला. एका सकाळी ताईंचा फोन आला. “मॅडम, लय वर गेलाय. इकावं का आता?”

इथं येऊन मी दरवेळी अडते.

माझ्यासमोर लॅपटॉप उघडा होता. मी माझे शेअर्स विकायलेच होते — थोडे थोडे, कुणाला कळू नये म्हणून. अशा शेअरला घेणारे मोजकेच असतात. ताईंनी स्वतःचे विकले, बायांचेही विकले, तर माझे राहिलेले कोण घेणार? हा हिशेब मनात व्हायला किती वेळ लागला असेल? त्यांचं वाक्य संपायच्या आत झाला होता.

“ताई, दम धरा,” मी म्हणाले. “आत्ता कुठं सुरुवात हाय.”

फोन ठेवला आणि उरलेले विकले.

पुढं शेअर कोसळला. विकणारे सगळे, घेणारा कुणीच नाही — रोज तेच. कंपनीच्या माणसांचे फोन बंद झाले. व्हिडिओ मी काढून टाकला. ताईंचा फोन आला तेव्हा त्यांनी काही विचारायच्या आधीच मी बोलून गेले, “ताई, माझं बी गेलं.”

त्या म्हणाल्या, “जीवाला लावून घेऊ नका. जेवलाव का तुमी?”

बाया चिडल्या होत्या. ताईंनी मला विहारात बोलावलं, एकदा येऊन समजावून सांगा म्हणून. बसमध्ये मी ठरवलं होतं — आज सांगायचं. खरंच ठरवलं होतं का? की ठरवल्याचं समाधान हवं होतं मला? कारण मी तोंड उघडायच्या आधी ताई उठल्या आणि मी त्यांना अडवलं नाही.

“मॅडमला कुणी बोल लावायचा न्हाई,” त्या म्हणाल्या. “त्यायचं बी आपल्यासंगंच बुडालंय. तुमाला मी सांगितलं व्हतं. तुमचं मी भरून देते.” आणि त्यांनी सगळ्यांपुढं हात जोडले.

मी मान खाली घातली. एका बाईला वाटलं मला रडू येतंय. तिनं पाणी आणून दिलं. मी प्यायले.

ताईंनी प्लॉट विकला आणि बायांचे पैसे फेडले. आता त्या ताडकळसहून बसनं येऊन परभणीतल्या एका खासगी दवाखान्यात ड्युटी करतात. पाय सुजतात त्यांचे.

माझ्या घरावर वरचा मजला चढला. कशातून, ते तुम्हाला कळलंच. पूजेला मी ताईंना बोलावलं — न बोलावलं तर काय वाटेल, म्हणून. दवाखान्यातून त्या तशाच आल्या. जिना हळूहळू चढून वर आल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि माझ्या सासूबाईंना कौतुकानं म्हणाल्या, “शिकवण्या करून करून बांधलं बगा मॅडमनं.”

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी हसून ‘हो’ म्हणाले.