सोडायचा मासा
आठवी अर्धवट टाकून मी वैनगंगेकाठचं घर सोडलं आणि पुण्यात मोटरसायकली दुरुस्त करायला शिकलो. स्वारगेटमागच्या गॅरेजात दुसऱ्याच्या हाताखाली बारा वर्षं गेली. मग आमच्या एका गिऱ्हाइकाने, आम्ही सगळे ज्यांना काका म्हणतो त्या निवृत्त प्राध्यापकांनी, बंगल्याशेजारची पत्र्याची शेड मला स्वतंत्र गॅरेजसाठी द्यायचं मनावर घेतलं. मनावर घेतलं म्हणजे "विचार करतो" म्हणाले. पुण्यात याचा अर्थ काय होतो हे मला बारा वर्षांत कळलं होतं. पण पुढच्याच आठवड्यात ते म्हणाले, "रविवारी नदीवर चला माझ्याबरोबर, मासे धरायला." मला वाटलं, ही मुलाखत आहे. शनिवारी मला जेवण गेलं नाही.

काकांचे छंद दोन. एक जुनी मोटरसायकल. ती धुऊन-पुसून ते दर रविवारी तासन्‌तास दामटतात, कुठल्या तरी टपरीवर अर्धा चहा पितात आणि आल्या रस्त्याने परत येतात. दुसरा, मासेमारी. त्यात जाळं नाही, गांडूळ नाही. बारीक गळाला कोंबड्याचं पीस दोऱ्याने गुंडाळून माशीसारखं दिसणारं काहीतरी करायचं आणि लांब दोरीने ते पाण्यावर अलगद टाकायचं. एक माशी बांधायला त्यांना अख्खी संध्याकाळ लागते. खऱ्या माश्या आमच्या गॅरेजात चहाच्या कपावर फुकट बसतात, पण हे मी बोललो नाही. शेड मिळायची होती.

खडकवासला मागे टाकून आम्ही धरणांच्या वरच्या अंगाला गेलो. तिथे नदी अजून नदीसारखी वाहते. काका गुडघाभर पाण्यात उभे राहिले. त्यांचा हात मागे जायचा, दोरी हवेत उलगडायची, मग हात पुढे. मी बघत राहिलो. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते हँडल जसं सैल धरतात, तसंच मनगट. घट्ट धरलं की गाडीही बिघडते आणि दोरीही. तासाभराने माझ्या ध्यानात आलं, की या वेळात मी शेडचा विचारच केला नव्हता. बारा वर्षांत इतका वेळ बिनकाळजीचा गेल्याचं मला आठवत नाही.

तेवढ्यात दोरी ताणली.

हातभर लांब, सोनेरी खवल्यांचा मासा. काकांनी त्याचं एक परदेशी नाव घेतलं, ते मला आजही उच्चारता येत नाही. "धरा, नीट धरा, मी फोन काढतो," असं म्हणून त्यांनी मासा माझ्या हातात दिला आणि ते काठावरच्या पिशवीत चष्मा शोधू लागले.

आमचं घर मासे धरणाऱ्यांचं. बापाचा एकच नियम होता: मासा ज्याच्या हातात येईल त्याने त्याला तडफडत ठेवायचं नाही. काकांना चष्मा सापडेपर्यंत मी दगड उचलून डोक्यावर एक टोला दिला होता.

"हे काय केलंत तुम्ही?"

"मारला जी."

"का?"

"तडफडत होता."

काकांनी चष्मा परत पिशवीत ठेवला. "तो फोटो काढून सोडायचा असतो. चार वर्षांत हा पहिला लागला होता."

चार वर्षांत लागलाच नव्हता, म्हणून लागल्यावर काय करायचं हा विषय आमच्यात कधी निघालाच नव्हता. घाबरलो की माझ्या तोंडून नको ते निघतं. "सोडायचा तर धरायचा कशाला?"

"तुम्ही गाडी दुरुस्त झाली की कात्रजपर्यंत चालवून बघता. खरं तर ती ठीक झाली का, ते चौकापर्यंतच कळतं. मग कात्रजला जाता कशाला?"

बरं वाटतं म्हणून जातो.

"फेकायचा नाही आता," काका म्हणाले. "घ्या."

मासा रेनकोटात गुंडाळून मांडीवर धरला आणि मी मोटरसायकलवर काकांच्या मागे बसलो. परतताना ते चहाच्या टपरीवरही थांबले नाहीत. शेड गेली, हे मी धरून चाललो. गॅरेजच्या मालकाला आता काय सांगायचं, ते मनात जुळवत होतो.

काकूंनी दार उघडलं. त्या मूळच्या कोकणातल्या. रेनकोट उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, म्हणजे नदीत मासे आहेत?"

"आहेत," काका म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही नुसते हात धुऊन येता."

मासा मी साफ केला. काकूंनी तळला. काका पहिला तुकडा फार दुःखाने खात होते, दुसरा जरा कमी. तिसरा त्यांनी मागून घेतला. हात धुऊन आले आणि शेडची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

"शेड घ्या. नदीवर मात्र यायचं नाही."

मी त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "हे घरात करत जाऊ नका, माझ्या कुणी पाया पडलेलं बघायची काकूंना सवय नाही."

आता दर रविवारी दुपारी काका एकटेच परततात आणि गाडी माझ्यापुढे लावतात. मी चेनची माती पुसतो. काकू गॅलरीतून विचारतात, "लागला का?"

"लागला होता," काका सांगतात. "सोडून दिला."

काकू एकदा त्यांच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे. "पुढच्या वेळी यांना न्या बरोबर," म्हणतात आणि आत जातात.