अव्वानं इष्टलिंग उतरवलं तेव्हा

लिंगायतानं जन्मभर गळ्यातून न उतरवायचं इष्टलिंग एखाद्या बाईनं काढून देव्हाऱ्यात ठेवलं, तर तुम्ही काय समजाल? मी समजले, माझी आई सुधारली.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. उचगावात आमचा लहानसा छापखाना होता. पत्रकांवरच मी अक्षरं ओळखायला शिकले आणि कॉलेजात जाईपर्यंत अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहायलाही लागले. नव्वदच्या दशकाअखेरीस अव्वाला छातीपासून पाठीपर्यंत नागीण उठली. गल्लीतल्या बायका गेरू लावायला आल्या. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं आणि तिला दवाखान्यात नेलं. काही आठवड्यांत फोड वाळले. मग मी पत्रक काढलं, गेरूविना माझी आई कशी बरी झाली त्याचं, आणि घरोघरी वाटलं. दवाखान्यात नेलं ते योग्यच होतं, आजही तसंच म्हणेन. चुकलं ते त्यानंतर.

अव्वा म्हणायची, आग होतेय. मी बघायची, तर फिकट डागांशिवाय काही दिसायचं नाही. आधी समजावलं, नंतर चिडले. मनातून काढून टाक, म्हणाले. पुढे तिनं सांगणंच सोडलं. ज्वारी निवडता निवडता ती भिंतीकडे बघत बसे. जेवण निम्म्यावर आलं, शेजारी जाणं बंद झालं, आणि एके दिवशी लिंग उतरवून तिनं पूजाही थांबवली. विचार घरापर्यंत पोचला, असं मी मित्रमंडळींत अभिमानानं सांगितलं. हे लिहिताना लाज वाटते.

अशी दोन वर्षं गेली. एकदा कागलहून बारसं उरकून आम्ही एसटीनं परतत होतो. अव्वा पदर चिमटीत धरून छातीपासून लांब ठेवत होती. मला ती सवय वाटायची. शेजारची एक बाई मात्र बराच वेळ बघत होती. नर्स आहे, एवढंच तिनं स्वतःबद्दल सांगितलं.

"मावशी, नागीण येऊन गेली काय तुम्हास्नी?"

अव्वा भरल्या एसटीत रडायला लागली. "दोन वर्सं झाली बाई. लिंगाचा दोरा लागला तरी निखारा ठेवल्यागत हुतंय. म्हणून देवाला बी उतरवलं. लेकीला सांगायचं बी सोडलं."

"सांगायचं का सोडलं?"

"मी बरी झाले म्हणून तिनं छापलंय की. बायकांनी तिलाच नावं ठेवली असती."

"माझं चुकलं. आता काय करू?" मी त्या बाईला विचारलं. त्या बाईनं सांगितलं की हे ढोंग नव्हे, फोड गेले तरी मज्जातंतू दुखत राहतात, मज्जातंतूंच्या डॉक्टरला दाखवा. उतरताना म्हणाली, "तोवर तळहातावर घ्या की देवाला. हाताला कुठं आग हाय?"

तिचं नाव विचारायचं राहिलं. पुढे तीन-चार दवाखान्यांत चौकशी केली, ती सापडली नाही.

डॉक्टरांनी अव्वाचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, दुखणं मनाला खचवतं आणि खचलेलं मन दुखणं वाढवतं. मेंदूतल्या पेशींना वाढवणारं, जोडून ठेवणारं एक द्रव्य अशा माणसांत कमी पडत असावं, असं संशोधक म्हणू लागलेत. मनाच्या आजारावरची म्हणून लोक जी गोळी लपवून घेतात, तीच लहान मात्रेत त्यांनी मज्जातंतूंसाठी दिली, आणि रोज थोडं चालायला सांगितलं. काही महिन्यांनी एका सकाळी अव्वा डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसलेली दिसली. मी दारातच थांबले.

आग पुरती गेलेली नाही. ती दोन वर्षंही परत मिळणार नाहीत. सकाळी उठूच नये असं तेव्हा वाटायचं, हे तिनं फार उशिरा सांगितलं. ती बाई देवानंच धाडली, असं ती म्हणते. मी वाद घालत नाही. आपलंच खरं हा हट्ट खाली ठेवण्याला शरण जाणं म्हणत असतील, तर ते मला त्या एसटीत पहिल्यांदा जमलं. त्याबद्दल ज्याचे मानायचे त्याचे आभार मानते.

एक विनंती आहे. नागिणीचे फोड वाळूनही घरातलं कुणी आग होते म्हणत असेल, किंवा म्हणायचं थांबून गप्प बसलं असेल, तर याच आठवड्यात त्यांना डॉक्टरकडे न्या. दुखण्याबरोबर खचलेल्या मनाचंही कळू द्या. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा उत्तर ज्यांचं दुखणं त्यांनाच देऊ द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.