गारगोट्यांचं पॉलिश

माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं मला फसवलं. माहेरी, वरकुट्याला विहीर खणताना निघालेले दगड त्यानं माझ्या बारामतीच्या भांड्यांच्या दुकानात आणून टाकले आणि बदल्यात स्टीलचं मोठं पातेलं नेलं. झाकणासकट! (झाकण सौद्यात नव्हतं.)

मी काही भोळी बाई नाही. डोक्यावर पाटी घेऊन, जुन्या कपड्यांवर भांडी देत गल्लोगल्ली फिरले, तेव्हा हे दुकान उभं राहिलं. दगड मला नकोच होते. हवे होते आमच्या ह्यांना. एसटीच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त झाल्यापासून हे दुकानाच्या पायरीवर बसून जाणाऱ्या गाड्या बघायचे. वाढलं तर जेवायचे. बोलणं म्हणजे "हं" आणि "उंहू".

एकदा संपतनं, म्हणजे भावानं, सहज एक गारगोटी आणली. ह्यांनी ती पाण्यात बुडवली आणि म्हणाले, "बघ, ओली कशी दिसती! घासून कायमची अशी करता येती. मोबाइलवर बघितलंय मी."

एका दमात इतकं बोलले! मला रडूच आलं. पण समोर भाऊ होता, सौदा व्हायचा होता. मी नाक मुरडलं.

"पातेलं पायजे ना? मग पोतं काठोकाठ भरून आण."

"आक्का, चांगल्या गारगोट्या अर्ध्याच पोत्याच्या हायत."

"ते मला सांगू नको. भरून आण!"

त्यानं भरून आणलं. वर दुधी, हिरवट गारगोट्या. खाली निव्वळ काळी खडी!

ह्यांनी जुन्या कुलरची मोटर, शिलाई मशीनचं चाक आणि पट्टा जोडून यंत्र केलं. त्यावर डबा आडवा ठेवायचा, आत दगड, पाणी आणि खरखरीत पावडर घालायची आणि आठवडाभर फिरवत ठेवायचा. डबा मी दिला, पोचा आलेला, ॲल्युमिनियमचा. पावडरही मीच दिली.

"ही कसली पावडर?" ह्यांनी विचारलं.

"रांगोळी."

"रांगोळी?"

"ती पण दगडाचीच असती! विकतची पावडर कशाला? आयुष्यभर भांडी विकली मी, घासणं मला शिकवू नका."

आठवडाभर घरात खडखड, खडखड. भिंतीवरचं घड्याळ दोनदा पडलं. आठवड्यानं डबा उघडला. दगड माहेरून आले तसेच! डबा मात्र आतून असा लखलखत होता की गिऱ्हाईकाला दाखवावा. (दाखवलाही. पण तळाला भोक पडलेलं निघालं.)

हे परत पायरीवर जाऊन बसले. मग मी स्वतः फरशी पॉलिशवाल्याकडं गेले आणि त्याच्याकडच्या जाड, बारीक, मऊ अशा तिन्ही पावडरी घेऊन आले. घासाघीस न करता! तो माणूस घाबरून दोनदा विचारत होता, "काकी, तब्येत बरी हाय ना?"

ह्यांनी नव्या डब्याला आतून टायरची ट्यूब लावली. खडखड पुन्हा सुरू. पहिली पावडर संपल्यावर जो राखाडी चिखल निघाला, तो मी मोरीत ओतला. घरचा चिखल घरच्या मोरीत, यात काय चुकलं? चिखल पाइपात सिमेंटासारखा बसला! आमचा आणि शेजारच्या शमीमभाभींचा पाइप एकच.

"अगं ए! माझ्या न्हाणीत तळं झालंय!" भाभी कमरेला पदर खोचून आल्या.

"मासे सोडा!" मी म्हणाले. (राग माझा. चूकही माझीच. पण राग आधी आला.)

पाइप फोडला, नवा बसवला. पुढचा चिखल मुकाट्यानं बादलीत, तिथून झाडाच्या आळ्यात.

शेवटच्या पावडरीनंतर डबा उघडला तेव्हा भाभी मुद्दाम खोड काढायला हजर होत्या. काळ्या खडीचा बराचसा भुगा झाला होता. पण त्यातून ह्यांनी एक दगड धुऊन बाहेर काढला. मधासारखा, आत पांढऱ्या रेघा, आणि कोरडा असूनही ओला दिसणारा.

"या अल्ला, हा तर अकीक हाय, अंगठीतला खडा!" भाभी ओरडल्या. "आमच्या मियाँच्या अंगठीला पायजे मला. बोल, किती?"

सवयीनं मी आभाळाला टेकणारा भाव सांगितला. खाली यायला जागा नको का?

"कबूल," भाभी म्हणाल्या.

पहिल्याच भावाला! मी वळून पाहिलं. हे तो दगड उन्हात धरून एक डोळा मिटून हसत होते.

"न्हाय विकायचा," मी म्हणाले.

"आत्ता भाव बोललीस की! शब्दाला काय किंमत हाय का न्हाय?"

"भांडू नका," हे म्हणाले. "भाभी, तुमाला दुसरा करून देतो. उद्या नदीवरनं चांगले वेचून आणतो. फुकट."

फुकट! हा शब्द या दुकानात कुणी कधी उच्चारला नव्हता. भाभी माझ्या तोंडाकडं बघत होत्या, मी कधी भडकते म्हणून.

आणि मी चक्क मान डोलावली.

संपत, बारामतीला ये आणि सगळ्या गल्लीसमोर जाब दे. माझ्यासारख्या बाईची ही दशा कुणी केली?