मिनिट्समधून गाळलेलं वाक्य

“हे लिहू नकोस,” अविनाश सर मला मराठीत म्हणाले. “हे आपलं आपल्यात.”

मी पेन थांबवलं. आणि हसले. ते हसू मला अजून आठवतं. अजून त्याची किळस येते.

दुबईत देऱ्यातलं आमचं ऑफिस. शनिवारची संध्याकाळ. कॉन्फरन्स रूममध्ये तीन पुरुष आणि मी. मी स्टेनो. त्यांनी बोलायचं, मी शॉर्टहँडमध्ये उतरवायचं, दुसऱ्या दिवशी टाइप करून द्यायचं. एरवी टेंडरच्या मीटिंगा. त्या दिवशी रग्बीची. तेरा जणांची रग्बी. अमिरातीतल्या चार-पाच संघांतून निवडून एक संघ बैरूतला सामना खेळायला जाणार होता. जर्सी आमच्या कंपनीची, विमानाची तिकिटं आमच्या कंपनीची. म्हणून निवड समितीत आमचे अविनाश सर. कंपनीचे जनरल मॅनेजर. मूळचे पुण्याचे. खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं.

बाकीचे दोघे म्हणजे कोच ग्रॅहम आणि फादी. ग्रॅहम उत्तर इंग्लंडचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. फादी लेबनीज, बैरूतची सगळी व्यवस्था त्याच्याकडे.

पुढच्या फळीतली एकच जागा उरली होती. नाव होतं सुमेधचं. एकोणीस वर्षांचा मराठी मुलगा, राहणारा खोर फक्कानचा. वडील तिथल्या बंदरात, जहाजावरचे कंटेनर साखळ्यांनी बांधायच्या कामावर.

“पोरगा सरळ धावतो,” ग्रॅहम म्हणाला. “तिघं अंगावर आले तरी वाकडा होत नाही. मला असाच फॉरवर्ड पाहिजे.”

अविनाश सरांनी सुमेधचा फॉर्म बोटानं लांब ढकलला. मग इंग्रजीत म्हणाले, “मी या लोकांना ओळखतो. त्यांची कम्युनिटी मला माहीत आहे. बॉडी चांगली असते. हमाली करून करून झालेली असते. पण टेम्परामेंट नसतं. दुबईत आले म्हणून रक्त बदलत नाही.”

ग्रॅहमला नीट कळलं नसावं. “कम्युनिटी म्हणजे?”

“इंडियन मॅटर,” सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर घरगुती हसू. मराठीत म्हणाले, “उद्या स्पॉन्सर डिनरला हा माझ्या बायकोच्या शेजारी बसणार. कल्पना कर. तिकडे आरक्षण झालं, आता इकडे पण यांना डोक्यावर घ्यायचं.” आणि मग ते वाक्य. हे लिहू नकोस.

आपलं आपल्यात. म्हणजे त्यांचं आणि माझं.

मी त्यांच्यातली नव्हते. मी सुमेधच्या जातीची होते.

हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनी मी शाळेत असतानाच आडनाव बदललं. गावाचं नाव घेऊन पुढे ‘कर’ लावलं. त्यांनी का केलं ते मला समजतं. त्यांना दोष देत नाही. पण पुढचं सगळं मी केलं. लग्नानंतरही तेच आडनाव ठेवलं, मुलीलाही तेच लावलं. नोकरीच्या मुलाखतीत अविनाश सरांनी विचारलं होतं, “कोकणातल्या का?” मी “हो सर” म्हणाले. पुढचं त्यांनी स्वतःच ठरवलं. मी ठरवू दिलं. सहा वर्षं. त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले. त्यांच्या बायकोनं माझी ओटी भरली. आमच्या घरी निळ्या कोटातला फोटो कपाटात, साड्यांच्या मागे. ऑफिसातलं कुणी येणार असलं की मी कपाटाला कुलूप लावायची. मुलीनं एकदा विचारलं, “व्हाय आर यू लॉकिंग हिम?” मी तिला गप्प बसवलं.

हे सगळं मी हुशारी समजत होते.

सुमेधला मी त्याआधी दोनदा पाहिलं होतं. शुक्रवारी सरावाच्या मैदानावर खेळाडूंचे फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. तो डोंगर ओलांडून शेअर टॅक्सीनं यायचा, बूट पिशवीत घेऊन. ही रग्बी मला आधी कळत नव्हती. पाहता पाहता कळली. थोडीफार कबड्डीसारखी. पकडायचं, पाडायचं. पडलेल्यानं उठून पुन्हा चेंडू चालू करायचा. सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्यांचा. फॉरवर्डनं सगळ्यात आधी भिंतीत घुसायचं. सुमेध चेंडू काखेत घेऊन घुसायचा. त्याच्या दुप्पट वजनाचा एक गोरा त्याच्यावर आदळला, आणि गोराच मागे बसला. मला अभिमान वाटला. लगेच भीती वाटली, कुणी माझा चेहरा पाहिला का.

त्याच शुक्रवारी अविनाश सर त्याच्याजवळ गेले होते. “पूर्ण नाव काय तुझं?” त्यानं सांगितलं. “आडनाव काय म्हणालास?” त्यानं पुन्हा सांगितलं. “मूळ गाव? आणि आडनाव काय ते?” त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं. हळू नाही, मोठ्यानं. मी चार पावलांवर उभी होते. फॉर्म चाळण्याचं नाटक करत.

तर मीटिंग. सुमेधच्या जागी दुसऱ्या एकाला घेतलं. ग्रॅहम थोडा भांडला. सरांनी तिकिटांचा विषय काढला, तसा तो थांबला. फादी म्हणाला, “खलास. नेक्स्ट.”

दुसऱ्या दिवशी मी मिनिट्स टाइप केले. ‘टेम्परामेंटच्या कारणास्तव निवड झाली नाही.’ एवढंच. सुमेधला पाठवायचं पत्रही मीच टाइप केलं. खाली माझी आद्याक्षरं, टाइप करणारीची. मग पत्र पाकिटात घालून चिकटवलं.

चार दिवसांनी सुमेध ऑफिसात आला. हातात पत्र. अविनाश सर साइटवर होते. तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

“मॅडम, टेम्परामेंट म्हणजे काय? मी कधी मारामारी केली नाही. रेफ्रीला उलटून बोललो नाही. आय जस्ट वाँट टु नो.”

“कमिटीचा निर्णय आहे,” मी म्हणाले.

“कोच म्हणतो, अविनाश सरांना विचार. तुम्ही मीटिंगमध्ये होता ना?”

“मी फक्त लिहून घेते.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. त्याला ओळख पटली होती. माझ्या बोलण्यातून, तोंडातून निसटलेल्या एखाद्या शब्दावरून, कशावरून ते मला माहीत नाही. आपल्या माणसाला आपला माणूस कळतो.

“तुम्ही आमच्यातल्याच आहात ना, मॅडम?”

मी दाराकडे पाहिलं. आधी दाराकडे पाहिलं. हे मी लपवणार नाही. “हळू बोल,” मी म्हणाले.

“मी का हळू बोलू?” तो म्हणाला. “मला त्यांनी तीनदा आडनाव विचारलं. मी तीनदा सांगितलं. मला कळत होतं ते कशाला विचारतात. तरी सांगितलं.” त्यानं पत्राची घडी घातली. “राहू दे. तुम्हाला प्रॉब्लेम नको.”

तो गेला. एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्यावर दया करून गेला.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शारजात स्टोअरकीपर होता. भित्रा नाही, पण हिशेबी. म्हणाला, “व्हिसा कंपनीचा आहे तुझा. कॅन्सल केला तर वर सहा महिन्यांचा बॅन, दुसरी नोकरी नाही. कुणासाठी?”

“माझ्यासाठी,” मी म्हणाले. तो म्हणाला, “करायचं तर पूर्ण कर. अर्ध्यावर रडत येऊ नकोस.”

पुढच्या शनिवारी समितीची शेवटची मीटिंग होती. रीत अशी, की आधी मागच्या मीटिंगचे मिनिट्स वाचायचे, मग सह्या. अविनाश सर म्हणाले, “वाच गं.”

टाइप केलेला कागद मी पालथा ठेवला. शॉर्टहँडची वही उघडली. मी पेन थांबवलं होतं ते फक्त ‘हे लिहू नकोस’वर, आणि ते मला वहीत बघायची गरज नव्हती. मी सुरुवात केली. ग्रॅहमचं बोलणं वाचलं. मग सरांचं. बॉडी चांगली असते. हमाली करून झालेली असते. रक्त बदलत नाही. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

“थांब,” सर म्हणाले. “हे मिनिट्स नाहीत.”

“तुमचे शब्द आहेत, सर.” आणि मराठीत बोललेलं मी इंग्रजीत करून सांगितलं. डिनर, बायको, आरक्षण, सगळं. हे लिहू नकोस, हेही.

सरांचे कान लाल झाले. मराठीत, दबक्या आवाजात म्हणाले, “तुला वेड लागलंय का? तुझा कोण लागतो तो?”

“मी त्याच्या जातीची आहे,” मी म्हणाले. मग ग्रॅहमकडे वळून तेच इंग्रजीत सांगितलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग खाली, टेबलावर. मीच दहा मिनिटांपूर्वी आणून ठेवलेला चहाचा कप त्यांच्यासमोर होता. त्यांनी तो हातानं बाजूला सारला. सहा वर्षं रोज माझ्या हातचा चहा प्यायलेला माणूस. विचार करून केलं नाही त्यांनी. हात आपोआप गेला. ते मी पाहिलं, आणि माझ्या अंगावरून सहा वर्षं पालीसारखी सरपटत गेली.

मला वाटलं होतं ग्रॅहम उठेल. खाणकामगाराचा मुलगा. त्यानं कपाळ चोळलं. म्हणाला, “हे फार वाईट आहे. आय ॲम सॉरी. पण नावं बैरूतला गेलीत. आता या मुलाच्या नावानं तमाशा नको. पुढच्या वर्षी बघू.” सही करायला त्यानं पेन घेतलं. टाइप केलेल्या कागदावर. फादी घड्याळ बघत होता.

तिघांची मला सारखीच घाण वाटली. एकानं केलं, एकानं गिळलं, एकाला त्याचं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. उभंच ठेवलं. “तू आम्हाला फसवलंस. माझ्या घरात आलीस, देवघरापर्यंत. राजीनामा टाइप करून आण.”

“मी फसवलं ते स्वतःला,” मी म्हणाले. “आणि राजीनामा मी देत नाही. काढायचं असेल तर काढा. पत्र तुम्ही टाइप करा. कारण खरं लिहा.”

त्यांनी काढलं. कारण लिहिलं, ऑफिसच्या शिस्तीला न शोभणारी वर्तणूक. व्हिसा कॅन्सल झाला, बॅन लागला. मी नवऱ्याच्या व्हिसावर शारजात घरी बसले. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांचे फोन बंद झाले. एकीनं मात्र केला. म्हणाली, “सांगायचं कशाला पण? कुणी विचारलं होतं का?” मी फोन ठेवला.

सुमेधला बैरूतला नेलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. मी त्याला पत्र लिहून मीटिंगमध्ये काय झालं ते शब्दशः कळवलं. माफी मागितली नाही. माफी मागून मीच हलकी झाले असते. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. ‘मिळालं. मी खेळतोय.’

बॅन संपायच्या आधी मी कॉन्सुलेटमध्ये गेले. पासपोर्टवर जुनं आडनाव घालायचं होतं, माझं आणि मुलीचं. त्यासाठी कागद मुंबईहून मागवले होते. खिडकीत मराठी माणूस. फॉर्म वाचला, दोन्ही आडनावं वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आवाज खाली आणून, माझ्या भल्याचं सांगतोय अशा सुरात म्हणाला, “बाई, आहे ते चांगलं आहे की. मुलीचं तरी राहू द्या. पुढे तिला त्रास होईल.”

मागे रांग होती. मुलगी माझा हात धरून उभी होती. मी आवाज खाली आणला नाही.

“त्रास देणारे बघून घेऊ,” मी म्हणाले. “स्पेलिंग नीट लिहा. आणि मोठ्यानं वाचून दाखवा.”

त्यानं वाचलं. पुटपुटत.

“ऐकू नाही आलं,” मी म्हणाले. “परत वाचा.”